डेझीबाईंच्या मनगटावरचं हिरवं घड्याळ

इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोना गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना डेझीबाई थळकरांनी कधी ना कधी उचललेलं होतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत पलंगावर. या कामाला तिकडे मेटापेलेत म्हणतात, म्हणजे सांभाळणारी बाई. डेझीबाई म्हणायच्या, "सांभाळणारी कसली, मी हमाल आहे. फक्त लाल डगला तेवढा दिला नाही." हा विनोद इतका जुना झाला होता की सांगताना त्यांना स्वतःलाही हसू येत नसे. तरी सवयीने सांगायच्या.

त्याआधी त्या गावच्या कापडगिरणीत होत्या. गिरणी बंद पडली तेव्हा पन्नाशी उलटलेली. या वयात दुसरी नोकरी कोण देतो? ज्यांना उचलायला कुणी नाही अशी माणसं तेवढी गावात भरपूर होती. नवरा मोझेस मृत समुद्राकाठच्या क्षारांच्या कारखान्यात होता. एके दिवशी सकाळी कारखान्याच्या बसमध्ये डोकं खिडकीला टेकून बसला आणि तसाच गेला. शेजारच्याला वाटलं, झोपलाय. तेव्हा एरेझ, त्यांचा एकुलता एक मुलगा, बारा वर्षांचा होता.

आता डेझीबाई बासष्टच्या होत्या आणि थकल्या होत्या. थकल्या म्हणजे आज दमल्या, झोपल्या, उद्या ताज्या झाल्या, असं नव्हे. हा थकवा बिऱ्हाड करून राहिला होता. सकाळी उठताना आधी तो उठायचा, मग त्या. आणि याबद्दल कुणाकडे तक्रार करावी तर गावात त्यांच्या वयाच्या सगळ्याच बायका तशाच, मग कोण कुणाचं ऐकणार?

एका गोष्टीचा मात्र त्यांना एकेकाळी तोरा होता. तो म्हणजे हातांचा. ठाण्याला टेंभी नाक्यावर, मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरात, त्यांचं माहेर. लग्नाचा हिरवा चुडा भरायला कासार घरी आला तेव्हा त्याने हात दाबून पाहिला आणि म्हणाला, "हा हात नाही, लोणी आहे. सव्वादोनची बांगडी जाईल." तिथे बसलेल्या चुलत बहिणींना पावणेतीनच्या लागायच्या, त्यांची तोंडं एवढीशी झाली. डिमोन्यात आल्यावरही डेझीबाई मुंबईहून येणाऱ्या माणसांकडून सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या मागवायच्या. मोझेस गेला त्या दिवशी सासूने त्यांचं मनगट जिन्याच्या पायरीवर टेकवलं आणि त्या सगळ्या वाढवल्या. तेव्हापासून हात मोकळे. काचेचं नाही, सोन्याचं नाही, वेळ बघायचं घड्याळसुद्धा नाही. नंतर हात जाड झाले, बोटांची पेरं सुजल्यासारखी दिसायला लागली. वय झालं की हात असेच होतात, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं होतं.

एरेझ तेल अवीवला राहायचा. जेरुसलेमला वस्तूंची रचना कशी करावी याचं शिक्षण घेतलं. मग काही वर्षं शेतात ठिबकने पाणी देणाऱ्या नळ्यांची डिझाइनं केली. बरी नोकरी होती, घरी सगळ्यांना सांगता येण्यासारखी. ती तीन वर्षांपूर्वी सोडली आणि घड्याळ करायला बसला. ज्या काळात पोरं मोबाइलवर वेळ बघायला लागली होती त्या काळात हा किल्लीच्या जमान्यातलं, दातेरी चाकांचं घड्याळ करणार. तेही एक नाही, दोन नाही, फक्त बारा. जगात बाराच माणसांना मिळेल आणि प्रत्येकाच्या हाताचं माप घेऊन बनवलं जाईल. डेझीबाईंना यातलं काडीचंही कळलं नाही. वरच्या मजल्यावरच्या ॲलिस पेणकरांनी विचारलं, "अगो, पोरगा करतो काय सध्या?" तेव्हा त्या म्हणाल्या, "घड्याळजी झालाय." ॲलिसबाईंनी हळहळून च्‌ च्‌ केलं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी एरेझ ते घड्याळ घेऊन आईकडे आला. डेझीबाई घरात मराठीच बोलायच्या, एरेझ सगळं समजून हिब्रूत उत्तर द्यायचा, आईला इमा म्हणायचा. मायलेकांचं भांडणही असं दोन भाषांत चालायचं आणि दोघांनाही शेवटचा शब्द आपलाच होता असं वाटायचं.

"बघ इमा," तो म्हणाला आणि डबी उघडली.

आत एक कडं होतं. दोन बोटं रुंद, टिटॅनियम नावाच्या धातूचं, आणि हिरवं. वर रंग फासला नव्हता, धातूवर वीज सोडून तो हिरवा चढवला होता, त्यामुळे उजेडात फिरवलं की आतून ओलं असल्यासारखं दिसायचं. काटे नाहीत, तबकडी नाही, पट्टा नाही, बक्कल नाही. वरच्या अंगाला एक अरुंद फट, तिच्यात तासाचा आकडा आणि त्याखाली मिनिटांची सरकणारी बारीक रेघ. कडं तिथे जरासं जाड होतं आणि आतल्या बाजूने काचेतून चाकं फिरताना दिसायची. आतलं यंत्र स्वित्झर्लंडहून सुटं मागवून, हैफाच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून निम्मं मोडून पुन्हा वाकड्या जागेत बसवून घेतलेलं.

"आणि याला जोड कुठाय?" डेझीबाईंनी विचारलं.

"जोड नाही, तीच तर गंमत. हात आत सरकवायचा. ज्याचं माप त्याच्याच हातात जाणार."

"आणि किल्ली?"

"किल्ली पण नाही. आत एक वजन आहे, हात हलला की ते झुलतं आणि स्प्रिंग भरते. हात हलतोय तोवर घड्याळ चालतं. हात थांबला तरी पंधरा-सोळा तास चालत राहतं. मग बंद. परत चालू करायचं तर चांगलं हलवावं लागतं, नुसतं धरून होत नाही."

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. रविवारी जिनिव्हाची दोन माणसं तेल अवीवला येणार होती. त्यांना पसंत पडलं तर बाराही घड्याळं होतील. नाही पडलं तर हे एक. त्यांना दाखवायला एक मुलगी ठरवली होती, गाली नावाची. तिच्या हाताच्या मापाचं हे कडं. दुसरा नमुना नाही. ही तीन वर्षं आणि हे कडं, एवढंच आपल्याजवळ आहे, असं तो सहज सांगितल्यासारखं म्हणाला. पण डबी बंद करताना त्याने झाकण दोनदा दाबून पाहिलं आणि ते आईच्या नजरेतून सुटलं नाही.

जेवून एरेझ अंघोळीला गेला. डबी टेबलावर राहिली. डेझीबाई भांडी घासत होत्या. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागणार होता, त्याच्या दिव्यांना अजून दीडेक तास होता, कोंबडीचं आळण झालं होतं, भात व्हायचा होता. त्या हात पुसायला फडकं घ्यायला वळल्या आणि नजर डबीवर गेली. नुसतं बघावं म्हणून उघडली.

असा हिरवा त्यांनी हात मोकळे झाल्यापासून कुठे पाहिला नव्हता. पुढे जे झालं त्यात त्यांचं डोकं कितपत होतं हे सांगणं कठीण आहे. हात साबणाने भरलेला होता. अंगठा आपोआप तळव्यात दुमडला, चार बोटं एकमेकांवर चढली, डाव्या हाताने कडं धरून उजव्या हाताच्या पेरांवर हळूच दाबलं, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, श्वास धरून. कासार सांगायचा, हात सैल सोड पोरी, हात तुझा नाहीच असं समज. पेरांवरून जाताना डोळ्यांत पाणी आलं. मग खट्‌कन कडं मनगटावर उतरलं.

किती चांगलं दिसत होतं! हात जाड होता, चामडी साबणाने पांढरी पडली होती, नखं कापून कापून बुटकी झालेली, आणि त्यावर ते हिरवं. डेझीबाईंनी हात उलटासुलटा फिरवला. आत वजन झुललं, आणि मनगटाला अगदी बारीक हादरा जाणवला. वीस वर्षांत त्या हाताला कुणी असं काही दिलं नव्हतं.

मग त्यांनी ते काढायला घेतलं.

आणि इथे गोम होती. बांगडी भरायची कशी हे प्रत्येक मुलीला शिकवतात. काढायची कशी हे कुणी शिकवत नाही, कारण ती काढायची नसतेच. ती आपली आपण वाढते, नाहीतर दुसरं कुणीतरी वाढवतं. डेझीबाईंना बासष्ट वर्षांत हे कधी सुचलंच नव्हतं. ओढताना पेरं अधिकच सुजली. जितकं ओढावं तितकं कडं घट्ट.

"इमा, डबी उघडी का? घड्याळ कुठाय?" एरेझ केस पुसत बाहेर आला.

डेझीबाईंनी हात पाठीमागे धरला होता. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण हा बिचारा टेबलाखाली वाकून शोधत होता. शेवटी त्यांनी हात पुढे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार!

एरेझने टॉवेल खांद्यावर टाकला. खुर्चीत बसला आणि आईच्या हाताकडे बघत राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं डेझीबाईंना वाटलं.

मग साबण झाला. ॲलिसबाई खोबरेलाची बाटली घेऊन खाली आल्या, खोबरेल झालं. फ्रिजमधला बर्फ झाला. ॲलिसबाईंनी कपाळाला हात लावून "एलियाहू हन्नबीला मलिदा बोल गो, तोच सोडवील" असं सुचवलं आणि डेझीबाई घाईघाईत त्या प्रेषिताला गोड पोह्यांच्या मलिद्याचा नवसही बोलल्या. कडं तसूभरही हललं नाही. हात मात्र लाल झाला आणि त्याने आणखी जागा व्यापली.

"बेरशेव्याला इस्पितळात घेऊन जातो," एरेझ म्हणाला.

"ते काय करतील?"

"कापतील."

 ॲलिसबाई बाटलीचं बूच लावत उभ्या राहिल्या.

"कापायचं नाही," डेझीबाई म्हणाल्या.

"इमा, हात महत्त्वाचा आहे. घड्याळ पुन्हा होईल."

"होईल का?"

एरेझला खोटं बोलता यायचं नाही, लहानपणापासून. तो खिडकीबाहेर बघायला लागला. डेझीबाईंनी बोटं हलवून दाखवली, गरम आहेत, काळीनिळी नाहीत, दुखतंय तेवढं चालतं. शेवटी दोघांमध्ये ठरलं. ताणाताणी बंद. तेल नाही, साबण नाही. हात वर उशीवर ठेवायचा आणि शब्बाथ सुटेपर्यंत त्या हाताने काडीही उचलायची नाही. सूज उतरली तर ठीक. नाही उतरली तर शनिवारी तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ सुटला, की एरेझ मागच्या गल्लीतल्या फिटरकडून पात्याची करवत आणणार आणि कापणार. 

दिवे डेझीबाईंनी डाव्या हाताने लावले.

रात्री एरेझने जुन्या ओढणीने त्यांचा हात पलंगाच्या वरच्या जाळीला सैलसा बांधला. त्या तशाच पडून राहिल्या. घड्याळाची टिकटिक अंधारात कानाशी येत होती, किड्यासारखी. झोपेत हात हलू नये म्हणून त्या फारशा झोपल्याच नाहीत, आणि शेजारच्या खोलीत एरेझही झोपला नाही हे त्यांना येरझाऱ्यांवरून कळत होतं. तीन वर्षं पोराने डोळे फोडले आणि मी साबणाच्या हाताने त्यावर बोळा फिरवला, असं त्यांना वाटत राहिलं. फार वाईट वाटलं.

सकाळी पहिला प्रश्न पनिनाचा आला. पनिना तळमजल्यावरची मोरोक्कन म्हातारी, नव्वदीची, अंगाने भक्कम आणि तोंडाने त्याहून. शब्बाथ असो, सण असो, तिला सकाळी उठवून धुऊन खुर्चीत बसवावंच लागायचं. डेझीबाई सवयीने उठायला लागल्या.

"बस," एरेझ म्हणाला. "मी जातो."

"तुला नाही जमणार."

"माणूसच आहे ना ती?"

तो गेला आणि बऱ्याच वेळाने आला. शर्ट ओला, कमरेवर हात, चेहरा पांढरा. सोफ्यावर बसला आणि जरा वेळाने म्हणाला, "रोज?"

"सकाळी, दुपारी आणि रात्री झोपवायला," डेझीबाई म्हणाल्या. "तिने शिव्या दिल्या का?"

"दिल्या. मग माझा गाल चाटला."

"म्हणजे आवडलास."

ॲलिसबाईंनी वरून गरम डबा आणून दिला आणि डेझीबाईंना भरवायला बसल्या. डेझीबाईंनी डाव्या हाताने खाईन म्हणून पाहिलं, पण ॲलिसबाई ऐकेनात. बायकांना दुसरीला भरवायची संधी कुठे रोज मिळते. एरेझने चहा केला, फार वाईट केला, तरी कप हातात आणून दिला. मग उशी नीट केली, पायाखाली स्टूल सरकवलं, खांद्यावर शाल टाकली. खिडकीतून समोरच्या उघड्या टेकड्या दिसत होत्या आणि ऊन खोलीत हळूहळू सरकत होतं. डेझीबाईंना आठवलं, आपण अशा याआधी एकदाच बसलो होतो. मोझेस गेल्यावर, 'शिव्हा'चे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस. तेव्हाही लोकांनी असंच बसवलं, असंच भरवलं, उठू दिलं नाही. तेव्हा हात नुकते मोकळे झाले होते आणि कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. त्यानंतर मात्र आजवर कुणी बस म्हटलं नव्हतं. शब्बाथचा दिवस सगळ्यांसाठी विसाव्याचा, पण म्हातारी माणसं शब्बाथलाही ओली होतात.

दुपारी एरेझ पुन्हा खाली जाऊन पनिनाला जेवू घालून आला आणि सोफ्यावर आडवा झाला. एका मिनिटात घोरायला लागला. ॲलिसबाई वर झोपायला गेल्या. बाजूला झाकलेला चहा होता, बशीत दोन बिस्किटं होती.

केव्हातरी डेझीबाईंना हलकी डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा शाल खांद्यावरून घसरली होती. ती ओढायला त्यांनी नकळत उजवा हात खाली केला. कडं मनगटावरून सरकलं आणि पेरांशी येऊन थांबलं.

त्यांनी हाताकडे नीट पाहिलं. चामडीला सुरकुत्या पडल्या होत्या. पेरं बारीक झाली होती, मधले खड्डे दिसत होते. कितीतरी वर्षांत न पाहिलेला हात होता तो. अंगठा तळव्यात दुमडला, बोटं चढवली, आणि कडं अलगद निघून मांडीवर पडलं.

निघालं! देवा, निघालं! त्यांनी एरेझला हाक मारायला तोंड उघडलं.

आणि मिटलं.

सांगितलं की तो उठेल, नाचेल, डबी उचलेल. शब्बाथ-बिब्बाथ तो पाळत नव्हता, त्या दिवशी चालवायची नसते ती गाडी मुद्दाम मागच्या गल्लीत लावायचा म्हणजे आईच्या शेजाऱ्यांना दिसू नये. तासाभरात तेल अवीवच्या वाटेला लागेल. ॲलिस डबा घेऊन वर जाईल. मोरीत कालपासूनची भांडी पडली आहेत. संध्याकाळी पनिना, उद्या सकाळी पनिना. आणि हा हात, जो आज कुठूनसा परत आला होता, तो उद्या दुपारपर्यंत पुन्हा जाईल. म्हातारपणाने जाड झालाय असं आपण म्हणत होतो, तो दमला होता फक्त. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला दुसऱ्या कुणाचं कडं अडकावं लागलं.

डेझीबाईंना रडू आलं, पण आवाज न करता, पोरगा उठू नये म्हणून.

त्याच्या जिवाला घोर लागलाय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. झोपेतही त्याच्या कपाळावर आठी होती. पण वस्तू सुखरूप आहे, कापायची नाही, हे आपल्याला माहीत आहे. मग संध्याकाळपर्यंतच तर. त्यांनी कडं उचललं, पुन्हा अंगठा दुमडला आणि ते हातात चढवलं. या वेळी डोळ्यांत पाणी आलं नाही, लोण्यात गेल्यासारखं गेलं. आत वजन झुललं. हात परत उशीवर ठेवला आणि त्यांनी बिस्किट खाल्लं.

ती दुपार त्यांच्या आयुष्यातली फार चांगली दुपार होती. काही घडलं नाही. ऊन भिंतीवर चढलं, उतरलं. एरेझ उठला, "कसं वाटतंय?" विचारलं, त्या म्हणाल्या, "तसंच." त्याने पुन्हा वाईट चहा केला. ॲलिसबाईंनी वेणी घालून दिली. डेझीबाई मधूनच हिरव्याकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या.

टेकड्यांवर अंधारलं. एरेझ गॅलरीतून चांदण्या मोजून आला आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. तो खोबरेलाची बाटली घेऊन आईसमोर गुडघ्यांवर बसला. "एकदा बघू. नाहीतर..." 

त्याने तेल लावलं, कडं धरलं आणि ते सरळ त्याच्या हातात आलं.

"निघालं! इमा, निघालं!" त्याने आईच्या हाताचे मुके घेतले, तेलकट कड्याचेही घेतले, आणि मग खाली बसून रडला. तीस-बत्तीस वर्षांचा बाप्या. डेझीबाई त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. पोराला उगाच तीन तास जास्त जाळलं, हे त्यांना आता फार लागलं.

एरेझने दिव्याखाली नेऊन कडं पुसलं. ओरखडा नव्हता. कानाला लावलं, चालू होतं. मग त्याने फटीत पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा फटीत पाहिलं.

"दोन तास मागे आहे," तो म्हणाला.

"बिघडलं का रे?" डेझीबाई घाबरल्या.

"बिघडलं नाही." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "हात रात्रीपासून स्थिर. म्हणजे आज दुपारी कधीतरी बंद पडणारच. पडलं. पण मग दोन तासांनी परत चालू झालं." तो थांबला. "ते आपोआप चालू होत नाही, इमा. चांगलं हलवावं लागतं. काढून घातल्यासारखं."

डेझीबाई पायाखालच्या स्टुलाकडे बघत होत्या.

एरेझने आईकडे पाहिलं. तिच्या सुरकुतलेल्या हाताकडे, वेणीकडे, मांडीवर पडलेल्या बिस्किटाच्या चुऱ्याकडे. मग मोरीतल्या भांड्यांकडे पाहिलं.  डेझीबाई उठायला लागल्या. "चल, तुला उशीर होईल. मी भांडी घासते, मग पनिनाला झोपवायचंय..."

जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि दारातून ॲलिसबाईंनी विचारलं, "निघालं का रे?"

एरेझने कडं पँटच्या खिशात टाकलं.

"नाही," तो म्हणाला. या वेळी मराठीत, मोडक्यातोडक्या. "अजून नाही निघाला. हिला उठू नको देऊ. मी खाली पनिनाकडे जातो."

आणि तो बाह्या वर सारत दाराबाहेर पडला. ॲलिसबाई "अगो बाई, बस बस" करत आत आल्या. डेझीबाईंनी मोकळा हात शालीखाली घेतला आणि शालीसकट पुन्हा उशीवर ठेवला.